शिकाऊ परिचारिकेची गणती कोठे?

आमच्या पालीतील एक मुलगी परिचारिका-प्रसविकेचे शिक्षण घेत आहे. मध्यंतरी तिची नेमणूक एका रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात झाली होती. सुटीत भेटावयास आली असता ती सहज म्हणाली, "सर, शिकवायला कोणी नव्हतं, रात्रपाळीच्या तक्त्यात मात्र माझं नाव होतं."

अर्थशास्त्र शिकविणाऱ्यास हे वाक्य विसरता येत नाही. विद्यार्थिनी शुल्क भरते आणि रिक्त पदाचे काम विनावेतन करते. जमाखर्चात ही काटकसर ठरते; तिची किंमत मात्र ज्याला अद्याप नावही ठेवलेले नाही असे बालक मोजते.

हे काम हलके नव्हे. दीड किलोचे मूल थंड पडू लागल्याचे तळपाय चाचपून ओळखणे, आईचे काढलेले दूध वाटी-चमच्याने, ठसका न लागू देता पाजणे, एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक वेळी हात धुणे, हे जाणत्या परिचारिकेशेजारी उभे राहूनच अंगवळणी पडते. आपल्याच राज्यात याचा पुरावा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांना नवजात बालकांची निगा घरोघरी घेण्यास शिकविले. 1993-95 मध्ये तेथे हजार जन्मांमागे 62 नवजात बालके दगावत. 1997-98 मध्ये ते प्रमाण 25 च्या आसपास आले. त्या स्त्रियांपाशी महागडी यंत्रे नव्हती. शिक्षण होते, आणि ते नेटाने करून घेणारे कोणी होते.

उलट, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षात यंत्रे होती. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे तेथे आग लागून दहा बालके गेली. त्यानंतर अग्निसुरक्षेच्या तपासण्यांची चर्चा पुष्कळ झाली, आणि ती व्हावयासच हवी होती. पण पाळीवर किती प्रशिक्षित माणसे असावीत, हा प्रश्न तिच्याइतका गाजला नाही. यंत्राची खरेदी एकदा होते, तिचे उद्घाटनही होते. पगार दरमहा द्यावा लागतो.

अशा कक्षांत प्रत्येक पाळीस तीन-चार खाटांमागे एक परिचारिका असावी, असा शासकीय दंडक आहे. या हिशेबात विद्यार्थिनीस धरू नये, आणि ती कक्षात असेल तेव्हा तिला शिकविणारी व्यक्ती तेथे हजर असावी, एवढीच मागणी आहे. पालीसारख्या गावात अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मले की त्यास घेऊन हातखंब्यावरून रत्नागिरी गाठावी लागते. तेथे पोहोचल्यावर ते मूल कोणाच्या हाती पडते, हे आईबापांना विचारताही येत नाही.