थ्रेड : सोळा सेकंद कोणाचे? जुनी स्पोर्ट्स कार, नवी आलिशान मोटार आणि आकड्यांची साक्ष

जर्मनीतील आयफेलच्या डोंगराळ मुलखात १९२७ साली खुला झालेला न्यूर्बुर्गरिंग हा शर्यतीचा मार्ग आजही मोटारींची कसोटी म्हणून ओळखला जातो. त्याच्या नॉर्डश्लाइफे या लांब, वळणावळणाच्या भागावर २०२० च्या उन्हाळ्यात लार्स केर्न या चालकाने पोर्शे पॅनामेराची एक फेरी पूर्ण केली. वेळ नोंदली गेली ७ मिनिटे २९.८१ सेकंद. पॅनामेरा म्हणजे चार दरवाजांची, मागच्या प्रवाशालाही पाय पसरू देणारी, दोन टनांहून जड अशी आलिशान मोटार. याच कंपनीची करेरा जीटी ही स्पोर्ट्स कार, जिचे वजन जेमतेम १,३८० किलो आणि जिचे इंजिन ल मांच्या शर्यतीसाठी आखलेल्या व पुढे गुंडाळल्या गेलेल्या प्रकल्पातून आलेले, ती नवी असताना याच मार्गावर ७ मिनिटे २८.७१ सेकंदांत धावली होती.

वरवर पाहता करेरा जीटी सेकंदभराने पुढे. परंतु इथे पहिलीच मेख आहे. पूर्वी फेरीची वेळ २०.६ किलोमीटरच्या अंतरावर धरली जाई, कारण सरळ रस्त्याचा एक छोटा तुकडा मोजणीतून वगळलेला असे. २०१९ पासून पूर्ण २०.८३२ किलोमीटर मोजले जाऊ लागले. जुन्या मापाने पॅनामेराची वेळ ७ मिनिटे २५.०४ सेकंद भरते. म्हणजे जिंकली ती आलिशान मोटार, आणि तीही साडेतीन सेकंदांनी.

येथपर्यंतची गोष्ट समाजमाध्यमांवर आवडीने सांगितली जाते. दीड दशकात दिवाणखान्याने शर्यतीच्या गाडीला मागे टाकले, असा तिचा मथितार्थ असतो.

मात्र गोष्ट तिथे संपत नाही. २०२४ मध्ये करेरा जीटी पुन्हा त्याच मार्गावर उतरली. तिचे उत्पादन २००६ मध्येच थांबलेले. इंजिन तेच, ५.७ लिटरचे दहा सिलिंडरचे. गिअर तेच, हाताने बदलायचे सहा. नवे होते ते टायर, या जुन्या गाडीसाठी आजच्या तंत्राने घडवलेले. चालक होता यर्ग बेर्गमाइस्टर. वेळ आली ७ मिनिटे १२.६९ सेकंद. स्वतःच्याच जुन्या विक्रमापेक्षा सोळा सेकंदांनी कमी.

हे सोळा सेकंद कोणाचे? गाडीचे म्हणावेत तर गाडी बदललेली नाही. चालक वेगळा होता, हवामान वेगळे होते, मधल्या काळात मार्गाच्या काही भागांची डागडुजीही झाली होती. त्या प्रत्येकाचा थोडाथोडा वाटा असणारच. पण सर्वांत मोठा वाटा रबराचा मानावा लागतो. आणि मग मागे वळून २०२० च्या त्या फेरीकडे पाहिले, तर लक्षात येते की पॅनामेराही बाजारहाटाच्या टायरांवर धावली नव्हती. तिच्यासाठी मिशेलिनने घडवलेले, शर्यतीच्या टायरांच्या जवळ जाणारे टायर तिला लावलेले होते. तेव्हा ‘जुनी स्पोर्ट्स कार विरुद्ध नवी आलिशान मोटार’ म्हणून गाजलेली तुलना पुष्कळ अंशी २००३ चे रबर विरुद्ध २०२० चे रबर अशी होती.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला हा पेच परका नाही. बखरीतील ‘लाख फौज’ आणि हजिरीच्या कागदावरील स्वारांची बेरीज हे दोन आकडे शेजारी मांडून कोणी वजाबाकी करू लागला, तर त्याला थांबवले जाते. आकडा कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, कशाने मोजला, हे आधी विचारले जाते. मोटारींच्या बाबतीत मात्र हीच मंडळी कंपनीचे पत्रक प्रमाण मानतात, हे नवलाचेच. मोटारीच्या वेगाचा आकडा हा देखील एक दस्तऐवज आहे आणि त्यालाही लेखक, हेतू व मोजपट्टी असते.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे जग्वार ई-टाइप. (ही ब्रिटिश कंपनी २००८ पासून टाटा समूहाकडे आहे.) मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही गाडी प्रकट झाली, तेव्हा ती चालवून पाहू इच्छिणाऱ्यांची एवढी झुंबड उडाली की कंपनीचे प्रमुख विल्यम लायन्स यांनी दुसरी गाडी मागवली, आणि चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस यांनी ती कॉव्हेंट्रीहून रातोरात चालवत जिनिव्हाला पोहोचवली. गाडीची किंमत सुमारे २,१०० पौंड होती. ॲस्टन मार्टिनच्या डीबी-फोरला जवळपास दुप्पट मोजावे लागत. आणि जाहिरातीचा आकडा होता ताशी १५० मैल, म्हणजे सुमारे २४१ किलोमीटर.

‘ऑटोकार’ या नियतकालिकाच्या चाचणीत ई-टाइपने ताशी १५०.४ मैल गाठले, ‘द मोटर’च्या चाचणीत १४९.१. दोन स्वतंत्र साक्षी, जवळजवळ एकच आकडा. एरवी एवढ्यावर प्रकरण निकालात निघावे. परंतु चाचणीला दिलेल्या दोन्ही गाड्या कारखान्याने खास निगुतीने सज्ज केलेल्या होत्या आणि कमाल वेगासाठी त्यांना शर्यतीचे टायर चढवले होते. दुकानातून गाडी नेणाऱ्या सामान्य ग्राहकाला दीडशेची रेषा सहसा दिसली नाही. आज एखादी आलिशान विजेरी मोटार ई-टाइपला किती सहज हरवते हे दाखवणारी चित्रफीत जेव्हा १५० हा आकडा घेते, तेव्हा ती बिचाऱ्या ई-टाइपला उलट झुकते मापच देत असते. जुन्या गाड्यांच्या भक्तांनाही हे ऐकणे अवघड जाते.

अश्वशक्तीचे प्रकरण तर अधिकच रंजक आहे. १९६१ च्या ई-टाइपचे इंजिन ३.८ लिटरचे, कंपनीने त्याची शक्ती २६५ अश्वशक्ती सांगितली. १९७१ मध्ये त्याच ई-टाइपमध्ये बारा सिलिंडरचे ५.३ लिटरचे इंजिन आले आणि त्याची शक्ती सांगितली गेली २७२. दीड लिटरची भर घालून लाभ केवळ सात अश्वांचा? अभियंते अचानक मठ्ठ झाले नव्हते. बदलली होती ती मोजपट्टी. जुना आकडा इंजिन चाचणीच्या चौथऱ्यावर ठेवून, त्याच्यावरचा पंखा, सायलेन्सर इत्यादी भार काढून घेतलेला ‘ढोबळ’ आकडा होता. नवा आकडा गाडीत बसवल्यासारख्या अवस्थेतील ‘निव्वळ’ होता. अमेरिकेतही १९७२ च्या सुमारास हाच पालट झाला आणि तिथल्या गाड्यांची कागदावरची शक्ती एका वर्षात घसरली. कडक होत चाललेल्या धूरनियमांमुळे खरी घसरणही तेव्हाच चालू होती, त्यामुळे दोन कारणांची गल्लत आजतागायत होते.

घड्याळही निरागस नसते. टेस्लाने २०२१ मध्ये मॉडेल एस प्लेड या प्रशस्त चार दरवाजी मोटारीसाठी ० ते ६० मैल वेगाला १.९९ सेकंद लागतात असे सांगितले. त्यात एक अट होती. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींच्या रिवाजानुसार गाडी सुमारे एक फूट पुढे सरकल्यावर घड्याळ सुरू धरलेले होते. तेवढ्या फुटाला लागणारा वेळ हिशेबात नाही. शिवाय ६० मैल म्हणजे ९६.६ किलोमीटर, युरोपीय कंपन्या १०० किलोमीटरचा आकडा देतात. एवढे सारे वळते केले तरी ती विजेरी मोटार ई-टाइपच्या सुमारे सात सेकंदांपुढे फारच वेगवान ठरते, यात शंका नाही. निकाल बदलत नाही. त्यातली नेमकेपणाची ऐट तेवढी पोकळ आहे.

जपानने तर याच्या अगदी उलट खेळ केला. रस्त्यांवरील अपघातांची ओरड वाढल्यावर १९८९ च्या सुमारास तिथल्या कंपन्यांनी आपसांत ठरवले की देशातील बाजारासाठी कोणतीही गाडी २८० अश्वशक्तीहून अधिक घोषित करायची नाही. निसानच्या स्कायलाइन जीटी-आरच्या कागदावर वर्षानुवर्षे तोच २८० दिसतो, जरी तिचे इंजिन त्याहून जोमदार असल्याचे जाणकार उघड बोलत. हा संकेत २००४ मध्ये मोडला तो होंडाने. कोणत्या गाडीने? एनएसएक्स या आपल्या लाडक्या स्पोर्ट्स कारने नव्हे. लेजंड या ऐसपैस आलिशान सेडानने, ३०० अश्वशक्ती जाहीर करून. त्या वर्षी होंडाची पत्रके शेजारी ठेवली तर कार्यालयात जाणाऱ्या साहेबाची मोटार शर्यतवेड्याच्या एनएसएक्सपेक्षा बलवान दिसते. शेपन्नास वर्षांनी एखादा संशोधक केवळ या पत्रकांवरून प्रबंध लिहील, तर काय निष्कर्ष काढील याची कल्पना करावी.

सगळेच जुने आकडे मात्र असे ढासळत नाहीत. मॅक्लारेन एफ-वनचा आकडा अजून उभा आहे. १९९४ मध्ये तिने ० ते ६० मैल ३.२ सेकंदांत गाठले. २०२४ च्या बेंटली कॉन्टिनेंटल जीटी स्पीडची कंपनीने सांगितलेली ० ते १०० किलोमीटरची वेळही ३.२ सेकंदच आहे. बेंटलीकडे पेट्रोल इंजिन व विजेची मोटर मिळून ७८२ अश्वशक्ती आणि चारही चाकांना जोर, एफ-वनकडे ६.१ लिटरचे बारा सिलिंडरचे बीएमडब्ल्यू इंजिन, ६२७ अश्वशक्ती, जोर केवळ मागच्या चाकांना. पण बेंटलीचे वजन २,४५९ किलो आहे, एफ-वनचे त्याच्या निम्म्याहून कमी. कमाल वेगात तर तुलनाच नाही. बेंटली ताशी ३३५ किलोमीटर. एफ-वन १९९३ मध्ये सुमारे ३७२, आणि ३१ मार्च १९९८ रोजी एरा-लेसिएनच्या चाचणीमार्गावर, इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा वाढवून, ३८६.४. ती वाढवलेली मर्यादा सांगितल्याशिवाय ३८६.४ हा आकडा वापरणे योग्य नाही. पण ३७२ सुद्धा पुरेसा बोलका आहे. प्रवेग हा पकड आणि जोर यांचा प्रश्न असतो, त्यात चार चाकांची, जड, आलिशान मोटार बाजी मारू शकते. कमाल वेग हवा कापण्याचा प्रश्न असतो आणि तिथे सडपातळ, बुटकी गाडी आजही भारी पडते.

मग नव्या आलिशान मोटारीने खरोखर काय जिंकले? इथे एक स्पष्ट मत मांडणे भाग आहे : तिचा खरा विजय प्रवेगात नाही, थांबण्यात आणि सावरण्यात आहे, आणि त्याच्या चित्रफिती कोणी फारशा बनवत नाही. एफ-वनला एबीएस नव्हते, चाके घसरू नयेत म्हणून जोर आवरणारी यंत्रणा नव्हती, ब्रेकला मदतनीस नव्हता, स्टिअरिंगलाही नव्हता. करेरा जीटीला एबीएस होते, पण गाडी आडवी जाऊ लागल्यावर एकेका चाकाचा ब्रेक लावून तिला सरळ करणारी स्थैर्ययंत्रणा नव्हती. ई-टाइपला तर चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत हेच १९६१ मध्ये अप्रूप होते.

या यंत्रणा आल्या कुठून, हे पाहण्यासारखे आहे. बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. स्थैर्ययंत्रणा १९९५ मध्ये त्याच एस-क्लासच्या कूपेमध्ये. दोन्ही वेळा मान मिळाला तो साहेबी थाटाच्या मोटारीला. स्पोर्ट्स कार बनवणारे बराच काळ अशा मदतीला कमीपणा मानत राहिले, आणि त्यांच्या ग्राहकांनीही त्या अभिमानाची किंमत कधी पत्र्याने तर कधी जिवाने चुकवली. युरोपीय संघाने २०१४ पर्यंत सर्व नव्या मोटारींना स्थैर्ययंत्रणा सक्तीची केली, तेव्हा तो वाद कायद्याने मिटला.

‘जुन्या गाड्यांत कस लागे’ हे वाक्य म्हणूनच जपून वापरायला हवे. कस लागे हे खरे. पण त्या कसोटीत नापास होणाऱ्यांची नावे कोणत्याही विक्रमाच्या तक्त्यात सापडत नाहीत. दुसऱ्या बाजूला, पॅनामेराच्या फेरीला कंपनीचा कसलेला चालक होता, सुरक्षेचा पिंजरा होता, शर्यतीचे आसन होते. शोरूममधून ती मोटार नेणारा गृहस्थ ७ मिनिटे २९ सेकंदांच्या जवळपासही जाणार नाही.

एक गंमत उरते. करेरा जीटी जोडली जात असे लाइपझिगच्या कारखान्यात, जो पोर्शेने मुळात कायेन या आपल्या प्रशस्त एसयूव्हीसाठी उभारला होता. पुढे पॅनामेराही त्याच आवारातून बाहेर पडू लागली. करेरा जीटी बनल्या अवघ्या १,२७०. ज्यांना समाजमाध्यमांनी प्रतिस्पर्धी ठरवले त्या दोन्ही गाड्यांचा पत्ता एकच आहे, आणि मूळ फाटक बांधले गेले ते तिसऱ्याच, त्या दोघींहून उंच मोटारीसाठी.