रूळ बदलले, गाडी मोडायची का?

1897 साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ आमच्या येडशीवरून जायचा. पुढे रूळ रुंद झाला आणि धडधाकट डबेही त्यावर निकामी ठरले. घरोघरच्या संगणकांवर आज तीच वेळ आली आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सोय लागते. ती अनेक जुन्या यंत्रांत नाही. मग नवा संगणक घ्यायचाच का?

माझे मत असे, की आधी काम ठरवावे, मग प्रणाली आणि यंत्र सर्वांत शेवटी. मुलांचा अभ्यास, पत्रे, ऑनलाइन सातबारा एवढ्यासाठी फुकट मिळणारी लिनक्स पुरेशी आहे. तिच्यावर मराठीही लिहिता येते. फोटो, कागदपत्रे आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, की जुने यंत्रही चपळ होते. टॅलीसारखे विंडोजसाठीच बनलेले सॉफ्टवेअर रोज लागत असेल, तर मात्र नवे घेणे बरे. सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबलेल्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे.

तेव्हा सोयाबीनच्या पट्टीतून पैसे बाजूला काढण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून कामांची यादी करावी. दुकानाची पायरी त्यानंतर चढावी.