मुदत ३ जानेवारीपर्यंत

मुख्याध्यापक महोदय आणि संस्थेचे पदाधिकारी,

आम्ही येवल्यातल्या आठवी ते बारावीच्या मुली. हे विनंतीपत्र नाही. विनंत्या करून झाल्या. त्यांच्या पोचपावत्या आमच्याकडे आहेत.

पहिल्या अर्जाला उत्तर आले नाही. दुसऱ्याला आले : अभ्यासाकडे लक्ष द्या. आम्ही दिले. निकाल आपल्यासमोर आहे.

त्या निकालाची बातमी दरवर्षी एकाच मथळ्याखाली येते. यंदाही मुलींचीच बाजी. वर्तमानपत्रांचे नवल अजून सरलेले नाही. मुलीची छेड काढल्याची बातमी असली, की ती कुठे होती, किती वाजता, अंगावर काय होते, सगळे तपशीलवार. छेड काढणाऱ्यावर एक ओळ. अशी कात्रणे शाळेच्या फलकावर लागतात. ती काढा, असे आम्ही लेखी कळवले. ती तिथेच आहेत.

बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात मुलीचे कुरूप असणे हे हुंड्याचे एक कारण म्हणून छापले होते. २०१७ मध्ये त्यावर राज्यभर टीका झाली. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात भाजी निवडणारे वडील दाखवले. पुस्तके बदलतात. आपल्या वर्गात मात्र मुलगा रडला, की त्याला आजही बांगड्या भरायला सांगतात. आणि वर्ग हसतो.

जुलै २०२२. आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या देवगावच्या आश्रमशाळेतील मुलीची तक्रार : पाळी असल्याने झाड लावू दिले नाही. जुलै २०२५. शहापूरच्या एका शाळेत मुलींचे कपडे उतरवून पाळी तपासल्याचा गुन्हा नोंदला गेला. मुख्याध्यापिकेला अटक झाली.

पी.टी.च्या तासाला मुलांसमोर ‘कुणाला अडचण आहे, हात वर करा’ असे विचारले जाते, तेव्हा आम्हाला ही गावे आठवतात.

१० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील मुलींवरच्या अत्याचाराचे प्रकरण उघड झाले, तेव्हा साऱ्या राज्याला या समितीची आठवण झाली. आपल्याला तेव्हाही झाली नाही. दर्शनी भागात नावे नाहीत. तक्रारपेटी आहे. तिची किल्ली, ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे, त्यांच्याच खणात आहे.

नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून मार्च १९३० मध्ये सत्याग्रह सुरू झाला. वर्षे गेली, दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा याच येवल्यात केली. मुक्तिभूमीवर आमची सहल आपणच नेता. किती थांबायचे आणि कधी थांबायचे नाही, हे आम्ही तिथे समजून घेतले.

मागण्या जुन्याच आहेत. समिती नेमा. नावे लावा. पेटी समितीसमोर उघडा. मैदान आठवड्यातले निम्मे दिवस मुलींना द्या. पाळीबद्दल चारचौघांत विचारणे आजपासून बंद.

३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती. दरवर्षी आम्हाला नऊवारी नेसवून मंचावर उभे करतात. रांगोळी आम्ही काढतो. औक्षण आम्ही करतो. स्वागतगीत, सूत्रसंचालन, पाहुण्यांचा चहासुद्धा आमच्याकडेच. भाषण अध्यक्षांचे.

त्या सकाळपर्यंत नावे लागली नाहीत, तर यातले काहीही होणार नाही.

आम्ही शाळेत येऊ. सगळ्या येऊ. गणवेशात, दप्तरासह, मैदानाच्या मधोमध बसू. पाहुणे आले, की त्यांच्या हातात गुलाबाऐवजी हे पत्र देऊ.

दाखला हातात देऊ, असे काही मुलींना सांगून झाले आहे. पुन्हा सांगू नये. पालकांच्याही सह्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच आया पैठणीच्या मागावर बसतात, कांड्या भरतात. त्या दिवशी त्यांचे माग बंद राहतील. त्या फाटकापाशी असतील.

गटशिक्षणाधिकारी आणि महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग यांच्या नावाची पाकिटे लिहून तयार आहेत. ती त्याच दुपारी टपालात पडतील.

सह्यांची यादी सोबत जोडली आहे.