वाफेची इस्त्री
लग्नसराईत मखमली ब्लाउज कपाटातून निघतो आणि घाईघाईत इस्त्रीखाली जातो. लव दबते, चकाकणारा डाग राहतो. तिथे स्टीमरच हवा. आतल्या बाजूने वाफ द्यायची, दाब अजिबात नाही. सुती कुर्त्याची गोष्ट वेगळी. ओलाव्याने आणि उष्णतेने सुताच्या तंतूंमधले हायड्रोजन बंध सुटतात, कापड सुकताना नव्याने जुळतात. म्हणून वाफ देताना कापड खालून हलकं ताणून धरायचं आणि कुर्ता पूर्ण सुकेपर्यंत हँगरवरच ठेवायचा. दमट असताना चढवलात तर कोपराशी ताज्या चुण्या. पॅन्टची कडक घडी मात्र स्टीमरकडे मागू नये, ते काम गल्लीतल्या इस्त्रीवाल्याचंच. आणि कृपा करून स्टीमरच्या टाकीत बोअरचं पाणी ओतू नका, क्षारांनी तोंड चोंदतं आणि काळ्या शर्टावर पांढरे ठिपके उडतात.