घरकोंबडा आणि कॉलेजचा पहिला महिना



बारावीचे निकाल लागून गेले, प्रवेशाच्या याद्या लागतायत, आणि आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येतंय. "आमची जरा लाजाळू आहे हो, कॉलेजात जाऊन काय करायचंय, घरबसल्याच डिग्री करू दे." गेल्या पंधरा दिवसांत हे मी तीन घरांत ऐकलं. त्यातलं एक घर माझ्या धाकट्या भावाचं, म्हणून आज लिहायला बसलोय. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. लाजाळू मुलाला घरी ठेवणं ही माया वाटते खरी, पण त्यात त्या मुलाचं नुकसान आहे. आणि त्याला धीट करण्यासाठी कुठेतरी दूर ढकलून देणं, हेही तितकंच चुकीचं.

मराठीत घर न सोडणाऱ्याला घरकोंबडा म्हणतात आणि गुजरातीत घरकूकडी. भाषा बदलली तरी पक्षी तोच! मला लहानपणी दोन्ही पदव्या मिळाल्या होत्या. पहिली घरात आजीकडून, दुसरी शेजारच्या ओट्यावरून. त्यामुळे या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार आहे असं समजतो.

आपल्या घरांत असे घरकोंबडे जास्त का निपजतात, याचा कुणी विचार करत नाही. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतल्या वाड्यांत आमच्या लहानपणी सगळं मराठीतच चालायचं. किराणावाला आणि दूधवाला सोडले तर दिवसभर गुजराती बोलायची वेळ यायची नाही, आणि तेही बिचारे आमच्याशी अर्धं मराठीच बोलायचे. शाळा मराठी माध्यमाची, गणपती वाड्यातला, कीर्तन देवळात, नाटकं आपलीच. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा होईपर्यंत त्याला अनोळखी माणसाशी ओळख करून घ्यायची गरजच पडायची नाही, कारण अनोळखी कुणी नसायचंच. मग एक दिवस त्याला सायकल देऊन सयाजीगंजाकडे पाठवायचं, आणि वर म्हणायचं, "इतका काय घाबरतोस?"

मी 1967 साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रेपरेटरीला गेलो. नव्या लोकांसाठी सांगतो. तेव्हा अकरावीची एस.एस.सी., मग एक वर्ष प्रेपरेटरी, आणि त्यानंतर एफ.वाय., एस.वाय., टी.वाय. बडोदा कॉलेज 1881 चं, विद्यापीठ झालं 1949 साली, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू. शिकवणं सगळं इंग्रजीतून. म्हणजे वर्गात इंग्रजी, व्हरांड्यात गुजराती, आणि डोक्यात मराठी. पहिल्या महिन्यात मी वर्गात एकच वाक्य बोललो, "प्रेझेंट सर". तेही घरी आरशासमोर म्हणून बघितलेलं. रोल नंबर जवळ यायला लागला की पोटात गोळा यायचा.

त्या काळात मला कुणी धीट हो म्हणून सांगितलं नाही, हे माझं नशीब. वडील संध्याकाळी एवढंच विचारायचे, "आज कुठल्या बाकावर बसलास?" मी सांगायचो, "भिंतीकडच्या रांगेत, तिसऱ्या." दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभरात तो बाक माझा झाला. आणि आई डब्यात दोन पोळ्या जास्त घालायची. कशाला म्हटलं की, "कुणी मागितली तर?" कुणी मागायचं नाही, मीच चारही खायचो.

पादऱ्याहून रोज येणारा एक पटेल माझ्या शेजारी बसायचा. दीड महिना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मग अकाउंटन्सीत त्याचा ट्रायल बॅलन्स जुळेना. माझा जुळलेला दिसला, तेव्हा त्याने काही न बोलता वही माझ्याकडे सरकवली. मी चूक शोधून दिली. एक रक्कम डेबिटची क्रेडिटला गेली होती. पुढे चांगली ओळख झाल्यावर तो म्हणाला, "तमे तो बहु अभिमानी लागता हता." मला तो गर्विष्ठ वाटत होता, त्याला मी! त्याला इंग्रजीची भीती, मला गुजरातीची. लाजाळू माणसाला जग शिष्ट समजतं, हे मी अठराव्या वर्षाच्या आत शिकलो.

सयाजीराव महाराजांची गोष्ट आपण मुलांना नेहमी सांगतो. 1875 साली कवळाण्याहून बारा वर्षांचा मुलगा येतो, अक्षरओळख नाही, आणि मग मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी एकदम शिकायला बसतो. गोष्ट उत्तमच आहे. पण लाजाळू मुलापुढे ती सांगून उपयोग होत नाही. "कशाला आलास" म्हटल्यावर "राज्य करायला" असं उत्तर त्या मुलाने दिलं, अशी जी आख्यायिका आपण सांगतो, ती ऐकून आमच्यासारखा आणखीच खाली मान घालतो.

लाजाळूंना सांगायची गोष्ट दुसरी आहे, आणि तीही गुजरातचीच. मोहनदास गांधी मॅट्रिक होऊन 1888 च्या जानेवारीत भावनगरच्या सामळदास कॉलेजात गेले. मुंबईपेक्षा तिथला खर्च कमी म्हणून. शिकवलेलं समजेना, मन रमेना. पहिलं सत्र संपलं आणि ते घरी परत आले. त्याच वर्षी सप्टेंबरात विलायतेला गेले. तिथेही शाकाहारी मंडळाच्या कमिटीत बोलायची वेळ आली तर लिहून आणलेलं स्वतःला वाचवेना, दुसऱ्याने वाचून दाखवलं. बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्या खटल्याला उभे राहिले, तोंडातून शब्द फुटेना, तीस रुपये फी परत करून निघून आले. हे सगळं त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, आणि या लाजेमुळे शब्द जपून वापरायची सवय लागली, म्हणून तिचा फायदाच झाला असंही म्हटलंय. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की भावनगरहून परत आलेल्या मुलाला घरच्यांनी "आता घरीच बस" असं म्हटलं नाही.

आता भावाच्या नातीबद्दल. नाव लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. हुशार मुलगी, बारावीला मार्क चांगले, कॉमर्सला प्रवेश मिळतोय. घरात एकमत असं, की ही मुखदुर्बळ, हिला एवढ्या मोठ्या गर्दीत कशाला घाला, बाहेरून परीक्षा देईल. मी तिला बाजूला बसवून विचारलं, "नेमकी भीती कशाची वाटते?" मला वाटलं, परीक्षा, इंग्रजी, रॅगिंग यातलं काहीतरी असेल. बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "आजोबा, मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खायचा?"

मंडळी, तीन वर्षांचं शिक्षण या एका प्रश्नावर अडलं होतं, आणि घरातल्या सहा मोठ्या माणसांपैकी कुणाला तो माहीत नव्हता. कारण सगळे तिला सल्ला देत होते, विचारत कुणीच नव्हतं. "मिसळायला शीक", "मोकळी हो". हे सल्ले मला आमच्या बँकेच्या हेड ऑफिसच्या सर्क्युलरसारखे वाटतात. "ठेवी वाढवा" असं लिहिलेलं असायचं. कशा वाढवा, ते कधीच नसायचं.

बँकेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 19 जुलै 1969 ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, मग खेडोपाडी शाखा निघाल्या आणि आमच्यासारख्यांना नोकऱ्या लागल्या. माझं सुरुवातीचं पोस्टिंग पंचमहालातलं. घरकोंबड्याला काउंटरवर बसवलं! पण गंमत अशी की मला ते जड गेलं नाही. समोर अनोळखी माणूस असला तरी मध्ये पासबुक असायचं. त्याचं काम, माझं काम, बोलणं त्यावरूनच. पुढे ऑफिसर झाल्यावर नव्या पोरापोरींमध्ये हेच बघितलं. लाजाळू मुलाला पार्टीत सोडलं तर तो भिंतीला चिकटतो, पण त्याच्या हातात एखादं लेजर दिलं की तासभर बोलतो. आणि ग्राहकाचं ऐकून घेणं त्याला इतरांपेक्षा जास्त जमतं, कारण त्याला स्वतःला मध्ये बोलायची घाई नसते.

म्हणून ते पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचे क्लास मला पटत नाहीत. हजारो रुपये भरून पंधरा दिवसांत "कॉन्फिडन्स". त्यापेक्षा मुलाला कॉलेजात एखादं काम मिळू द्या. एन.एस.एस. आहे, 1969 पासून चालू आहे. नाटकाच्या ग्रुपला पडद्यामागे माणसं लागतातच. लायब्ररी आहे. हातात काम असलं की ओळखी मागून येतात, पादऱ्याच्या पटेलासारख्या. एखादी झाली तरी पुरते. वीस मित्र पाहिजेत हा हट्ट आपला, मुलांचा नव्हे.

भावाच्या नातीच्या बाबतीत आम्ही एवढंच केलं. माझ्या मुलाच्या मुलीबरोबर तिला एका दुपारी कॅम्पसवर पाठवलं. वर्ग कुठे, पाणी कुठे, बायकांची स्वच्छतागृहं कुठे, लायब्ररीत कुठून जायचं, सावली कुठे आहे, हे सगळं बघून या म्हटलं. दोघी सेव-उसळ खाऊन परत आल्या. लायब्ररीजवळ एक झाड आहे, तिथे बऱ्याच मुली एकेकट्या बसून खातात आणि कुणी कुणाकडे बघत नाही, हा शोध लावून आली. प्रवेश घेतेय.

रॅगिंगची धास्ती असलेल्यांसाठी: यू.जी.सी.चे 2009 चे नियम कडक आहेत, विद्यार्थी आणि पालक दोघांचं प्रतिज्ञापत्र घेतात, आणि 1800-180-5522 हा हेल्पलाइन नंबर मुलाच्या फोनमध्ये घालून ठेवा.

आता जरा कडू बोलतो. मुलगा लाजाळू असला की आपण म्हणतो, "पुण्याला होस्टेलवर टाका, चार थपडा बसल्या की सुधारेल." मुलगी लाजाळू असली की, "राहू दे, शांत स्वभाव आहे, पुढे सासरी बरं पडेल." लाजाळूपणा एकच, पण त्याची औषधं दोन! त्या मुलाला पुण्यात रडू येतं ते आपल्याला कळत नाही, आणि मुलीची डिग्री घरात बसून होते, पण बाहेरचं जग तिला पुढे नवऱ्याच्या मागे उभं राहूनच बघावं लागतं. ही माया नाही. सोय आहे, आणि तीही आपली.

दूरशिक्षणाला माझा विरोध नाही. इग्नू 1985 साली निघालं ते ज्यांना कॉलेजात जाणं शक्य नाही त्यांच्यासाठी. नोकरी करणारे, संसारातल्या बायका, आजारी माणसं. माझ्याच बँकेतल्या कितीतरी जणांनी असं शिक्षण पुरं केलं. पण धडधाकट अठरा वर्षांच्या पोरीला ती गोधडी म्हणून पांघरायला देऊ नका. 2020 आणि 2021 मध्ये मुलांनी घरात बसून शिकून बघितलंय, त्यानंतर किती मुलं दारावरची बेल वाजली की आतल्या खोलीत जातात, ते आपापल्या घरात बघा.

एक मात्र आहे. काही मुलांचं नुसतं लाजणं नसतं. कॉलेजचं नाव काढलं की उलटी होते, झोप उडते, हात थरथरतात, खाणं सुटतं. त्याला नाटक म्हणू नका, आणि वरचे माझे उपायही करत बसू नका. चांगल्या डॉक्टरकडे न्या, मनाच्या डॉक्टरकडे न्यायचं असेल तर तसं न्या. त्यात लपवायचं काही नाही. "लोक काय म्हणतील" याची काळजी करणाऱ्यांनी आधी लोकांना तेवढा वेळ आहे का ते बघावं.

शेवटी आपल्या मंडळांना एक विनंती. दरवर्षी गुणगौरव समारंभ होतो, फार चांगली गोष्ट. पण बक्षीस द्यायच्या आधी पोराच्या हातात माइक देऊन "आता तुझं मनोगत सांग" हे जे चालतं, ते यंदा ऐच्छिक करा. गेल्या वर्षी एका ठिकाणी नव्वद टक्के मिळालेला मुलगा माइक बघून मागच्या दाराने निघून गेला, आणि त्याचं पाकीट त्याच्या वडिलांनी घेतलं. ज्याला बोलायचं असेल त्याने बोलावं. बाकीच्यांना हॉलच्या दाराशी पाहुण्यांना पेढे द्यायचं किंवा नावं लिहून घ्यायचं काम द्या. आणि तो पुष्पगुच्छ नको, त्याच पैशांत वह्या येतात. तारीख ठरली की कळवा, मी येतो.