माफी विकत घ्यायची का?

बाबांची गाडी रिव्हर्स घेताना पार्किंगच्या खांबाला घासली की पहिला विचार येतो, ‘आता घरी सांगायचं कसं?’ आणि लगेच दुसरा, ‘जाऊ दे, इन्शुरन्स आहे ना!’ घोळ होतो तो या दुसऱ्या विचारामुळे.

पॉलिसीवर ‘नो क्लेम बोनस’ असं लिहिलेलं असतं, ते कधी वाचलंय? एक वर्ष क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी भरायच्या हप्त्यावर २० टक्के सूट. मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षांनी ५० टक्के. थर्ड पार्टीच्या हप्त्यावर ही सूट नाही. एक क्लेम केला की सापशिडीतल्यासारखे थेट खाली, शून्यावर.

चूक कुणाची, हा प्रश्नच नाही. खांबाला तुम्ही ठोका किंवा उभ्या गाडीवर पावसात झाड पडो, आपल्या पॉलिसीतून पैसे घेतले की बोनस गेला. आणि तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. म्हणजे डेंट तुमचा, पण पाच वर्षांची कमाई जाते बाबांची.

म्हणूनच रिन्यूअलच्या वेळी ‘एनसीबी प्रोटेक्ट’ नावाचं ॲड-ऑन पुढे केलं जातं. थोडे जास्त पैसे भरा, ठरावीक क्लेमपर्यंत बोनस शाबूत. अमेरिकेत ‘ॲक्सिडेंट फर्गिव्हनेस’ विकतात, त्याचंच हे चुलतभावंड. पण घ्यायचं का? भीतीपोटी ‘हो’ म्हणू नका आणि कंजूषपणाने ‘नाही’ही म्हणू नका. हिशेब करा.

समजा, सूट धरण्याआधी ओन डॅमेजचा हप्ता १०,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्के. क्लेम केला तर पुढच्या वर्षी ५,००० जास्त. नंतर पुन्हा एकेक पायरी चढताना ३,०००, २,५००, १,५०० आणि ५००. एकूण १२,५०० रुपयांचा फटका. ॲड-ऑन वर्षाला १,००० रुपयांना मिळत असेल, तर बारा वर्षांत एक क्लेम झाला तरी पैसे वसूल. बोनस नुकताच २० टक्क्यांवर आला असेल, तर हाच फटका त्याहून कमी. गाडी जुनी होत जाते तशी तिची विम्यातली किंमत आणि हप्ताही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे कमीच भरतील.

आमचं मत स्पष्ट आहे. बोनस ४५-५० टक्के असेल, गाडी रस्त्यावर उभी राहत असेल आणि घरात नवं लायसन्स आलं असेल, तर ॲड-ऑन घ्या. बोनस २० टक्के असेल आणि गाडी फक्त रविवारी बाहेर पडत असेल, तर तेच पैसे बाजूला ठेवा.

घेतलं तरी ते किरकोळ ओरखड्यावर उडवू नका. १५०० सीसीपर्यंतच्या कारसाठी क्लेममधले पहिले १,००० रुपये तसेही आपल्यालाच भरावे लागतात. ३,००० रुपयांच्या डेंटसाठी क्लेम केला तर हातात जेमतेम २,००० येणार. त्यापेक्षा गॅरेजवाल्याला रोख द्या.

सही करण्याआधी एजंटकाकांना तीन प्रश्न विचारा. वर्षात किती क्लेम चालतील? कोणते क्लेम यात धरत नाहीत? पुढच्या वर्षी कंपनी बदलली तर वाचवलेला बोनस सोबत येईल का? उत्तरं तोंडी नकोत, पॉलिसीच्या कागदावर दाखवायला सांगा. आणि पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू केली नाही तर बोनस तसाही जातो, हे घरी आठवणीत ठेवायचं काम तुम्ही घ्या.

राहिला पहिला विचार. घरी सांगायचं कसं? त्याच दिवशी, सरळ. क्लेम करायचा तर कंपनीला ताबडतोब कळवावं लागतं. आठवडाभर लपवलेल्या डेंटचा क्लेम अडकू शकतो, आणि मग ॲड-ऑन असूनही उपयोग नाही. कंपनीकडून बोनसची माफी विकत मिळेल. बाबांकडची मात्र खरं बोलूनच मिळते.