‘शांत’ मासे आणि आपली अहिंसा



हल्ली आपल्या घरांत एक नवा शौक शिरलाय. पूर्वी हॉलच्या कोपऱ्यात काचेच्या गोल भांड्यात एखादा गोल्डफिश असायचा. आता भिंतीएवढी टाकी, निळा दिवा, आत खडक, प्रवाळ आणि बोटाएवढे रंगीत समुद्री मासे. दिसायला सुंदर, त्याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो टाकी दाखवताना सांगितल्या जाणाऱ्या एका वाक्याशी. “काकू, हे सगळे शांत मासे आहेत. कुणी कुणाला खात नाही. एकदम जैन टँक!”

जैन पावभाजी ठीक, जैन पिझ्झाही ठीक. पण जैन टँक नावाची वस्तू नसते, आणि आज मी त्यावरच लिहिणार आहे.

आधी हा ‘शांत’ शब्द बघू. दुकानात मासे ‘शांत’ आणि ‘भांडखोर’ अशा दोन गटांत सांगतात. शांत म्हणजे शेजारच्या माशाला त्रास न देणारा, म्हणजे पर्यायाने गिऱ्हाइकाला नुकसान न करणारा. माशाच्या मनाला शांती आहे की नाही, याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही.

आणि हे शांत मासेही टाकीत शांत राहतातच असं नाही. हिरवट-निळा क्रोमिस समुद्रात फांद्यांसारख्या प्रवाळांवर मोठ्या थव्याने राहतो. टाकीत सहा-सात आणून सोडले की महिन्या-महिन्याला एकेक कमी होत जातो, कारण कमजोराला बाकीचे टोचून टोचून संपवतात. हे मासे पाळणारेच सांगतात. बांगाई कार्डिनलची तीच गत. पाचजण आणले तर पुष्कळदा शेवटी एक जोडी उरते. स्वभाव वाईट म्हणून नव्हे. हरलेल्याला पळून जायला समुद्र होता, इथे चार फूट काच आहे.

“कुणी कुणाला खात नाही,” हे दुसरं वाक्य. मग ते खातात काय? आर्टेमिया आणि मायसिस, म्हणजे कोळंबीसारखेच पण बारीक जीव. गोठवलेल्या वड्यांचं पाकीट येतं आणि ते फ्रीजरमध्ये ठेवावं लागतं. ज्या घरात अंड्याचा केक येत नाही, चातुर्मासात पालेभाजी येत नाही, त्या घरात दुधाच्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात हे पाकीट! रंगीबेरंगी मँडरिन मासा तर बहुधा गोठवलेल्या अन्नाला तोंडही लावत नाही. त्याला दिवसभर खडकावरचे जिवंत सूक्ष्म जीव टिपायला लागतात. लहान टाकीत ते संपतात आणि मासा हळूहळू उपाशी मरतो. माशाने जीव खाल्ले याचा दोष मी माशाला देत नाही, तो त्याचा स्वभाव. पण समुद्रात त्याचं तो बघत होता. इथे मागणी आपण नोंदवतो, पैसे आपण देतो, वडी आपण सोडतो. कृत, कारित, अनुमोदित, तिन्ही रकाने भरले.

आता थोडं माझ्या बी.कॉम.चं. कॉस्ट अकाउंटिंगमध्ये ‘नॉर्मल लॉस’ असा प्रकार शिकवतात. शंभर नारळ मागवले, दहा वाटेत फुटले, तर त्या दहांची किंमत उरलेल्या नव्वदांवर चढते. समुद्री माशांच्या धंद्यात हेच होतं. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बरेचसे शेतीसारखे तळ्यात वाढवतात. समुद्रातल्या जाती मात्र बहुतेक आजही थेट खडकांवरून पकडून आणतात. पकडताना, साठवणीत, विमानात, दुकानात काही मरतातच, आणि ते धरूनच भाव ठरतो. तुमच्या टाकीतल्या एका माशाच्या बिलात न पोचलेल्यांची किंमतही तुम्ही भरलेली असते. फक्त बिलावर ती ओळ छापत नाहीत.

पकडतात कसे तेही ऐका. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून सायनाइडची गोळी पाण्यात विरघळवून पिचकारीने खडकाच्या फटीत मारायची पद्धत पडली, पुढे ती इंडोनेशियातही गेली. मासा गुंगतो, हातात येतो. आजूबाजूचं प्रवाळ त्या विषाने मरतं. बंदी असूनही हा प्रकार पुरता थांबलेला नाही. सगळेच कोळी असं करत नाहीत, पुष्कळजण जाळ्यानेच धरतात. पण दुकानातल्या पिशवीकडे बघून तुम्हाला कोणता मासा कसा धरला ते कळणार आहे का?

आपल्याला पाठशाळेत अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार शिकवले: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. गाय-बैल डोळ्यांपुढे ठेवून आपण ते पाठ केले. आता टाकी डोळ्यांपुढे ठेवा. बंध तर समोर दिसतो, तो काचेचा आहे एवढंच. खोल पाण्यातला मासा भरकन वर आणला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, मग सुईने ती टोचतात. हा छेद. प्रवासात पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून आधी त्याला उपाशी ठेवतात, हा अन्नपाननिरोध. टाकीच्या मानाने जास्त मासे भरणं हा अतिभार. वध कुठे होतो ते वर सांगितलंच. पाचही अतिचार एका शौकात सापडावेत, असं दुसरं उदाहरण मला तरी सुचत नाही.

यावर उत्तर येतं, “घरात हिंसा होतेच की. चूल पेटते, झाडू फिरतो.” होते. पण आपल्याकडे आरंभी आणि संकल्पी हिंसा वेगळी धरतात ती याचसाठी. स्वयंपाक केल्याशिवाय घर चालत नाही. टाकी नसली तर घराचं काय अडतं? आणि तिचा पसारा बघा. २०० लिटर पाण्याला लिटरमागे ३५ ग्रॅम धरून ७ किलो मीठ. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं, म्हणजे वर्षाला आणखी ३६ किलो. पाणी आरओचं हवं, त्यात लिटरमागे दोन-तीन लिटर वाया. उन्हाळ्यात पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवायला चिलर. पाणी गाळून वापरणाऱ्या, एक तांब्या सांडला तर हळहळणाऱ्या आपण!

गाळण्यावरून आठवलं. आपल्या आज्या विहिरीचं पाणी गाळल्यावर ते फडकं उलटं करून त्याच विहिरीत धुवायच्या. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात परत. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाचा एवढा विचार करणारे आपण. बांगाई कार्डिनल हा मासा मुळात इंडोनेशियात सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांभोवतीच सापडतो. नर पिल्लं तोंडात सांभाळतो, तेवढे दिवस काही खात नाही. पिल्लं प्रवाहाबरोबर लांब जात नाहीत, त्यामुळे एका खडकावरचे मासे काढले की ती जागा दुसरीकडून सहज भरून निघत नाही. या शौकापायी वर्षाला लाखोंनी ते बाहेर गेले आणि २००७ मध्ये आययूसीएनच्या यादीत तो धोक्यातला म्हणून नोंदला गेला. दुकानात मात्र तो ‘नवशिक्यांसाठी उत्तम, शांत मासा’.

कुणी म्हणेल, पकडणाऱ्या गरीब कोळ्यांच्या पोटाचं काय? प्रश्न खरा आहे, त्याची टिंगल मी करणार नाही. पण तो रोजगाराचा मुद्दा झाला. तो मांडायचा तर तसाच मांडा, त्यावर ‘जैन’ लेबल लावू नका.

आणि हॅचरीतला क्लाउनफिश? तो वेगळा, हे मान्य. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास करून दाखवली आहे. अशा माशासाठी समुद्रातला खडक उपसावा लागत नाही, सायनाइड लागत नाही. ज्यांना पाळायचाच आहे त्यांनी निदान तेवढं तरी बघावं. पण फ्रीजरमधलं पाकीट आणि काच दोन्ही तिथेच राहतात, म्हणून मी त्यालाही निर्दोष म्हणणार नाही. कमी दोष, एवढंच.

प्रवाळाचं तर कायद्याचं प्रकरण आहे. आपल्या समुद्रातली कठीण प्रवाळं आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे ज्या यादीत वाघ आहे त्याच यादीत. मुंबईत कोस्टल रोडच्या कामात वरळी-हाजी अलीची प्रवाळं नुसती हलवायची होती, तरी वन खात्याची परवानगी घ्यावी लागली. दुकानदार “इम्पोर्टेड आहे” म्हणाला तर कागद मागा. मग काय उत्तर येतं ते बघा.

राहिला नातवंडांचा हट्ट. ‘फाइंडिंग निमो’ बघून पोरं टाकी मागतात. त्या सिनेमात बापाचा सगळा आटापिटा पोराला टाकीतून सोडवण्यासाठी चाललेला असतो, हे आपण त्यांच्या शेजारी बसून सांगायला नको का? मुलाला समुद्र दाखवायचा तर मालवणला न्या, मुंबईत असाल तर ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर न्या. डबक्यात वाकून बघू दे, हात न लावता. जे दिसलं ते तिथेच ठेवून घरी यायचं, हा धडा कुठल्याच टाकीत मिळत नाही.

ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांनी घाबरून एक गोष्ट मुळीच करू नये. जीवदया म्हणून मासे नदी-विहिरीत किंवा समुद्रात सोडू नका. गोड्या पाण्यात ते मरतील. परक्या समुद्रात जगले तर तिथल्यांना मारतील. आशियाकडचा लायनफिश १९८५ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसला, बहुधा कुणीतरी टाकीतून सोडलेला. आज तो तिथले स्थानिक मासे फस्त करतोय. आणलेला जीव आपली जबाबदारी. वीज गेली तर हवेचा पंप चालेल अशी सोय करा, टाकीवर जाळी घाला म्हणजे फायरफिशसारखे मासे उडी मारून जमिनीवर तडफडणार नाहीत, आणि आहेत त्यांना त्यांचं आयुष्य नीट जगू द्या. क्लाउनफिश दहा वर्षांहूनही जास्त जगू शकतो, याची तयारी ठेवा. फक्त एक गेला म्हणून त्याच्या जागी दुसरा आणू नका.

आणि ज्यांनी अजून घेतली नाही, पण दुकानात जाऊन चौकशी करून आल्या आहेत, त्यांच्यासाठी एवढंच: पर्युषणात सगळ्या जीवांची क्षमा मागताना तो मासा काचेआडून तुमच्याकडे बघत असेल. त्याला काय सांगणार, ते आधी ठरवा आणि मग पैसे भरा.